रात्रीचा फोन आणि नववीतली मुलगी

धायरीला राहणाऱ्या एका आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची मुलगी चौदा वर्षांची असून नववीत शिकते. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला फोन पुढे हळूहळू तिचाच होऊन गेला. आता ती रात्री एक-सव्वा वाजेपर्यंत फोन पाहत असते, सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठवताना रोज वाद होतो, सहामाहीत गणिताचे गुण बरेच उतरले आहेत, पाच वर्षे नियमाने चाललेला कथकचा क्लास तिने गणपतीनंतर अचानक सोडला आहे आणि घरात असली तरी ती खोलीचे दार लावून बसते. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी फोन कपाटात कुलूप लावून ठेवला, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही, कोणाशी बोलली नाही, आणि शेवटी फोन परत द्यावा लागला. आईंचे प्रश्न तीन आहेत: हे व्यसन आहे का, फोन कायमचा काढून घ्यावा का, आणि पाचवीतल्या धाकट्या मुलाला फोन द्यायचा तो कोणत्या वयात?

ताई, पुण्यातल्या शाळांमध्ये आणि माझ्या स्वतःच्या केंद्रात मिळून गेली बावीस वर्षे मी किशोरवयीन मुलांची समुपदेशक म्हणून काम करते आहे. सुरुवातीला पालक टीव्हीबद्दल आणि सायबर कॅफेबद्दल विचारत असत. आता समोर बसलेल्या पालकांच्या पहिल्या चार-पाच वाक्यांतच मोबाईल येतो. तुमच्या प्रश्नांचे थोडक्यात उत्तर आधी देते. व्यसन हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. फोन कायमचा काढून घेऊ नका. रात्रीचा फोन मात्र तिच्या खोलीतून बाहेर आणा, आणि तिच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचे फोन बाहेर आणा. ती किती तास फोन पाहते हे मोजत बसण्यापेक्षा दोन गोष्टींचा शोध घ्या: फोनने तिच्या दिवसातले नेमके काय हिरावून घेतले आहे, आणि ती कशापासून पळून फोनचा आसरा घेते आहे. या दोन गोष्टी कळल्याशिवाय केलेला कोणताही उपाय दिवाळीतल्या कुलपासारखाच निघतो.

फोनमुळे मुलांचे मन बिघडते का, या प्रश्नावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. हे तुम्हाला ठाऊक असावे असे मला वाटते, कारण पालकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशांत सगळे सिद्ध झाल्यासारखे लिहिलेले असते. जीन ट्वेंगी आणि जोनाथन हाइट हे अमेरिकेतले अभ्यासक असे मांडतात की साधारण २०१२ नंतर, म्हणजे स्मार्टफोन मुलांच्या हातात पोहोचला तेव्हापासून, तिथल्या किशोरवयीनांत, विशेषतः मुलींत, उदासीनता आणि चिंता वाढत गेली आणि त्याचे मोठे कारण हा फोनच आहे. याउलट एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो कमी-जास्तपणा दिसतो त्यापैकी फार तर ०.४ टक्के भागाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागला. कँडिस ऑजर्स या मानसशास्त्रज्ञ तर सांगतात की बऱ्याचदा क्रम उलटा असतो, म्हणजे आधीच अस्वस्थ असलेले मूल फोनकडे जास्त वळते.

एवढ्यावरून फोन निरुपद्रवी आहे असा अर्थ मी काढत नाही. पुणे जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली तर मुळशीचा मुसळधार पाऊस आणि दौंड-बारामतीकडची कोरड दोन्ही त्या एका आकड्यात लपून जातात, तसेच या आकड्यांचे होते. ज्या मुलीला फोनमुळे मैत्रिणी मिळाल्या आणि जिला फोनमुळे रात्र-रात्र रडू आले, त्या दोघी मिळून सरासरी जवळजवळ शून्य येते. ऑर्बेन यांच्याच गटाने २०२२ मध्ये ब्रिटिश मुलांवर केलेल्या अभ्यासात वयाप्रमाणे फरक दिसला: मुलींच्या बाबतीत अकरा ते तेरा आणि मुलांच्या बाबतीत चौदा-पंधरा या वयांत समाजमाध्यमांचा वापर वाढला, तर पुढच्या वर्षी जीवनाविषयीचे समाधान घटलेले आढळले, आणि एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्याही बाबतीत पुन्हा तसेच दिसले. तुमची मुलगी मुलींच्या त्या नाजूक वयातून नुकतीच बाहेर पडली आहे आणि त्या सगळ्या वर्षांत फोन तिच्याजवळच होता, याची नोंद मी घेईन. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन यांनी फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली, त्यांतल्या एका पाहणीत आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते असे सांगितले होते. एखादी मुलगी अचानक नाच सोडते तेव्हा हा आकडा मला आठवतो. पण त्याकडे नंतर येते.

यातले बहुतेक संशोधन अमेरिका-युरोपातले आहे आणि आपल्या घरांत फोन वेगळ्या तऱ्हेने वावरतो. इथे शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, क्लासची उत्तरपत्रिका पीडीएफमध्ये येते, रिक्षावाले काका उद्या येणार नाहीत हेही ग्रुपवरच कळते. ग्रामीण भारतातल्या मुलांची ‘असर’ ही पाहणी २०२४ मध्ये झाली, तेव्हा चौदा ते सोळा वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. एकाच उपकरणात वही, मैदान, कट्टा आणि बाजार भरलेला असताना ‘फोन बंद’ एवढेच म्हणून भागत नाही. मूल खरोखरच म्हणू शकते की मला गृहपाठ पाहायचा आहे, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते.

झोपेबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही, आणि तुमच्या प्रश्नात मला सर्वांत आधी दिसली ती झोपच. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. तुमची मुलगी सव्वाला झोपून पावणेसहाला उठते, म्हणजे तिला साडेचार तास मिळतात. चिडचिड, डोके जड होणे, गणितात लक्ष न लागणे, लहानशा बोलण्याने डोळे भरून येणे, कोणाशी बोलावेसे न वाटणे, हे सगळे केवळ झोपेच्या अभावाने होऊ शकते. आणि आठवडाभर साडेचार तास झोपलेल्या मोठ्या माणसाचीही तीच अवस्था होते. मुलीचा स्वभाव बदलला असे पालक सांगतात, तेव्हा मी स्वभावाबद्दल काहीही बोलण्याआधी पंधरा दिवसांची झोप मागते.

यात फोनचा दोष किती आणि वयाचा किती, हेही समजून घ्यायला हवे. वयात येताना शरीरातले घड्याळ आपोआप एक-दोन तास पुढे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा पाझरू लागते, आणि म्हणून दहाला झोपणारे मूल अकरा-साडेअकरापर्यंत टक्क जागे राहते. हा आळस नाही आणि उद्धटपणाही नाही. त्यावर सकाळी सातची शाळा म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढाताण. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, आणि ते चांगलेच झाले. पण ज्यांचे शरीर खरोखर उशिरा झोपू पाहते ती आठवी-नववी-दहावीची मुले त्यातून राहून गेली, याची मला मनापासून खंत वाटते.

आता फोन. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने झोप उडते ही भीती बरीच पसरली आहे आणि पालक त्यासाठी चष्मे विकत घेतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तरुणांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार-चार तास टॅब्लेटवर वाचायला दिले. छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत मेलाटोनिन दीड तासाने लांबले खरे, परंतु प्रत्यक्ष झोप लागायला सुमारे दहा मिनिटेच जास्त लागली. तुमच्या मुलीचे तास गेले आहेत ते या दहा मिनिटांत नव्हेत. चष्म्यावर पैसे घालू नका. एका नववीतल्याच मुलाने मला लिहून दिलेली रात्रीची नोंद माझ्याकडे आहे (इथे सांगितलेल्या सगळ्या मुलांचे ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत): “११.२० दिवा बंद. ११.२५ एक रील. १२.५० बॅटरी ९ टक्के.” मधल्या ८५ मिनिटांसाठी त्याच्याकडे एकही शब्द नव्हता. काय पाहिले, असे विचारले तर त्याला तीन गोष्टीसुद्धा आठवेनात. पुस्तकाचे प्रकरण संपते, मालिकेचा भाग संपतो, गप्पा मारणाऱ्या मैत्रिणीला तिची आई हाक मारते. खाली सरकवत राहायच्या या पडद्याला मात्र शेवटच नसतो, आणि पुढचे बोट सरकवल्यावर काय येईल हे आधी न कळणे हेच त्याचे सर्वांत मोठे आकर्षण असते. ही रचना कुशल प्रौढ माणसांनी विचारपूर्वक केलेली आहे. चौदा वर्षांच्या मुलीने रोज रात्री अंधारात, एकटीने आणि थकलेल्या अवस्थेत तिच्यावर मात करावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. म्हणूनच फोन खोलीत ठेवून ‘बघू नकोस’ असे सांगण्यापेक्षा फोन खोलीबाहेर ठेवणे हे तिच्यावर दया करणे आहे, आणि तिला ते तसेच सांगावे.

हे कसे करायचे ते नीट लिहिते, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. हॉलमध्ये फोन चार्ज करण्याची एक जागा ठरवा. वेळ सगळ्यांसाठी एकच असू द्या. तुम्ही ओझरते लिहिले आहे की तुमच्या यजमानांच्या परदेशातल्या क्लायंटबरोबरच्या मीटिंग रात्री साडेदहापर्यंत चालतात. हिंजवडीत काम करणाऱ्या निम्म्या घरांची हीच स्थिती आहे, आणि मुले नेमके त्याकडेच बोट दाखवतात. तेव्हा वेळ पावणेअकराची धरा, पण ती बाबांनी स्वतः पाळावी, आपला फोन सर्वांत आधी तिथे आणून ठेवावा. गजरासाठी फोन लागतो ही सबब तिची आणि तुमची सारखीच असेल, म्हणून साधे गजराचे घड्याळ घ्या. सुरुवातीला फोन बाहेर गेला म्हणून झोप लगेच येणार नाही. तिसरी-चौथी रात्र सर्वांत कठीण जाते, मूल छताकडे पाहत पडते आणि म्हणते की यापेक्षा फोन बरा होता. त्या वेळी पुस्तक, चित्र, गाणी लावायला छोटा स्पीकर, काहीही चालेल. झोपेची वेळ एकदम दोन तासांनी मागे ओढू नका, दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी ओढा. रविवारी तिला बारापर्यंत झोपू दिले तर सोमवार पुन्हा कोलमडतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी तासाभराचीच सवलत द्या आणि उठल्यावर पंधरा मिनिटे गच्चीत किंवा बाल्कनीत उन्हात बसू द्या. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ मागे यायला मदत होते. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो, आणि तो गुणांत दिसण्याआधी सकाळच्या तिच्या आवाजात दिसतो.

आता आसऱ्याबद्दल. काही वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती. आईची तक्रार होती की ती सहा-सहा तास फोनला चिकटून असते. आई बाहेर गेल्यावर मी तिला विचारले, “दाखवावंसं वाटत असेल तर दाखव, काय बघतेस एवढं?” तिने वर्गातल्या मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. त्यात शेवटचा मेसेज तिचाच होता, पाच आठवड्यांपूर्वीचा: “उद्या पीटीचा ड्रेस आहे का?” तिने तो मेसेज दाबून धरला आणि तो कोणी-कोणी वाचला त्याची यादी मला दाखवली. एकोणीस नावे होती. एकीनेही उत्तर दिले नव्हते. “मॅडम, त्यांनी मला काढलं नाहीये,” ती म्हणाली, “त्यांनी नवीन ग्रुप केला आणि मला घेतलंच नाही.” ते सहा तास ती या मुलींच्या स्टोरी पाहत होती, कोण कोणाबरोबर कुठे गेले होते, कोणाच्या वाढदिवसाला कोण होते, आणि आपले नेमके काय चुकले असावे हे त्यांतून शोधत होती. त्या घरी फोन काढून घेतला असता तर आईला वाटले असते की रोग गेला, आणि मुलीच्या हातून तो शोधही गेला असता. तिथे उपाय शाळेत होता. वर्गशिक्षिकेने गाजावाजा न करता बसण्याच्या जागा बदलल्या, विज्ञान प्रदर्शनाच्या गटात तिला दुसऱ्या दोघींबरोबर घातले, आणि दोन महिन्यांत फोनचे तास आपोआप खाली आले.

तुमच्या मुलीचे असेच असेल असे मी म्हणत नाही. पण पाच वर्षांचा कथकचा क्लास गणपतीनंतर अचानक सुटला, ही तुमच्या पत्रातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ आहे आणि तुम्ही ती गुणांच्या नंतर, जाता-जाता लिहिली आहे. तिथे काही घडले का? कोणी तिच्या शरीरावरून बोलले का? नाचतानाचा एखादा व्हिडिओ कोणी टाकला आणि त्याखाली काही लिहिले का? मैत्रिणीने क्लास सोडला म्हणून हिनेही सोडला का? नुसता कंटाळा आला असेल, तर तोही तिचा हक्क आहे. हे समोर बसवून विचारू नका; समोरासमोर बसवले की मुलांना चौकशी लागल्यासारखे वाटते. पुण्यातल्या आयांना मी नेहमी सांगते की स्कूटरवर मागे बसलेले मूल सर्वांत जास्त बोलते, कारण तिथे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. क्लासला सोडताना, मंडईतून येताना, शेंगा सोलताना विचारा, एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर आले नाही तर पुढचा प्रश्न चार दिवसांनी विचारा.

दिवाळीतल्या त्या दोन दिवसांबद्दलही सांगायला हवे. फोन गेल्यावर मुले इतकी का कोसळतात हे मोठ्यांना कळत नाही. स्नॅपचॅटवर मैत्रिणीबरोबर रोज एक फोटो पाठवण्याची साखळी असते, तिला मुले स्ट्रीक म्हणतात. दोघींपैकी एकीने २४ तासांत काही पाठवले नाही तर ती तुटते, आणि चारशे दिवसांची साखळी तुटणे हा त्या वयात मैत्रीतला खराखुरा प्रसंग असतो. सुट्टीत ग्रुपवर काय ठरले, कोण फिरायला गेले, कोणाचे भांडण झाले, यातून ती एकदम बाहेर फेकली गेली, आणि हे का होते आहे ते तिला कोणी सांगितले नव्हते. तिचा राग समजण्यासारखा आहे. तरीही फोन परत मिळाला तो उपास केल्यावर मिळाला, हे तिच्या लक्षात राहिले असेल, म्हणून बाबांनी तिच्याशी एकदा मोकळेपणाने बोलणे जरूर आहे. कुलूप लावले ती पद्धत चुकली हे त्यांनी कबूल करावे, आणि त्याच बोलण्यात रात्रीच्या नियमापासून आपण मागे हटणार नाही हेही शांतपणे सांगावे. वडिलांनी चूक मान्य केल्याने त्यांचा शब्द हलका होतो असे मी बावीस वर्षांत एकदाही पाहिलेले नाही.

व्यसनाच्या प्रश्नाकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेम खेळण्याच्या विकाराला स्थान आहे. मोबाईलचे व्यसन नावाचा आजार तीत नाही. गेमच्या विकारातही तीन खुणा पाहिल्या जातात: खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच वर जातो, आणि नुकसान दिसत असतानाही खेळणे चालूच राहते किंवा वाढते, आणि हे साधारणपणे बारा महिने टिकलेले असावे लागते. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मी तुमच्या मुलीला हे नाव देणार नाही. हे नाव घरात वापरूही नका, कारण ‘तू व्यसनी आहेस’ हे ऐकलेले मूल एक तर तुमच्यावर विश्वास ठेवणे सोडते किंवा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून प्रयत्न सोडते. ज्या मुलांच्या बाबतीत खुणा खरोखर जुळतात, म्हणजे शाळा सुटली, आंघोळ-जेवण सुटले, पैसे चोरून गेममध्ये घातले गेले, अशांसाठी उपचार आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून केवळ तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र सेवा चालते, आणि पुण्यातही मुलांच्या मानसोपचाराचा अनुभव असलेले डॉक्टर हे काम करतात.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र माझ्या या उत्तरावर विसंबून थांबू नका. मनगटावर किंवा मांडीवर ओरखडे, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे, ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशी वाक्ये, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी किंवा जेवण तुटणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते. फोटोवरून कोणी धमकावत असेल, पैसे मागत असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे. मेसेज पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो. मुलीने असे काही सांगितले तर तुमचे पहिले वाक्य ‘तुला सांगितलं होतं ना’ हे असता कामा नये. ते वाक्य आपल्याला ऐकावे लागेल या भीतीने मुली महिनोन्‌महिने धमक्या सोसतात, हे मी पाहिले आहे.

दिवसाच्या फोनबद्दल मी तुलनेने सैल आहे. जेवताना कोणाचाच फोन नको, अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, आणि गृहपाठ पाहायचा असेल तर तो वहीत उतरवून घेऊन फोन परत जागेवर, एवढे पुरते. हे नियम तिच्या हाताने एका कागदावर लिहून घ्या आणि त्यात तुमच्यासाठी तिने सुचवलेला एक तरी नियम असू द्या. वेळेची मर्यादा घालणारी ॲप तिला सांगून लावा. चोरून तिचे मेसेज वाचू नका, जिवाला धोका आहे असे वाटत नसेल तोपर्यंत.

एकट्या घराला हे जड जाते, कारण वर्गातल्या सगळ्या मुली रात्री बाराला ऑनलाइन असताना हिचाच फोन बंद असतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास सगळ्या गावाचे फोन आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. त्या दीड तासात मुलांचा अभ्यास होतो, पण मला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की कोणत्याही मुलाला ‘माझाच का?’ असे विचारावे लागत नाही. धायरीत भोंगा वाजणार नाही, पण तिच्या तीन-चार मैत्रिणींच्या आया तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्याशी बोला, एकच वेळ ठरवा. वर्गशिक्षिकेलाही विनंती करा की गृहपाठाचे मेसेज संध्याकाळी सातच्या आत यावेत. एका शाळेने हे माझ्या विनंतीवरून केले आणि रात्री दहाला ‘मॅमनी काहीतरी टाकलंय’ म्हणून फोन हातात घेण्याचे कारणच उरले नाही.

रिकाम्या झालेल्या वेळाचे काय करायचे, हे तिच्यावर सोडा, पण संधी ठेवा. बाबांबरोबर रविवारी तळजाईची टेकडी, सुट्टीत सिंहगड, पुढच्या पावसाळ्यात ढोल-ताशा पथकाचा सराव, जे तिला रुचेल ते. पथकात जाणाऱ्या मुलांचा मला विशेष अनुभव आहे: हातात टिपरू असताना फोन हातात राहूच शकत नाही, आणि शेजारच्याचा ताल ऐकल्याशिवाय आपला ठोका बसत नाही. कथकला परत जाण्याचा आग्रह मात्र तूर्त नको.

धाकट्याबद्दल. अमुक वयाला फोन द्यावा असा आकडा संशोधनातून निघत नाही. बहुतेक समाजमाध्यमे तेरा वर्षांची अट घालतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती बंद ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, आणि त्याचे परिणाम पाहायला अजून वेळ आहे. शाळेत बंदी घालून प्रश्न सुटतो असेही नाही. ब्रिटनमध्ये ३० शाळांची तुलना करणारा बर्मिंगहॅम विद्यापीठाचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही, कारण घरी गेल्यावर फोन होताच. माझे स्वतःचे मत असे आहे की क्लासला एकटा जाऊ लागला की साधा बटणांचा फोन द्यावा, अभ्यासासाठी हॉलमध्ये सर्वांसमोर वापरायचा घरचा टॅब किंवा संगणक ठेवावा, आणि स्वतःचा स्मार्टफोन दहावीनंतर द्यावा, समाजमाध्यमे त्याहून थोडी उशिरा. ताईला मिळाला आणि मला नाही, असे तो म्हणेल. त्याला खरे तेच सांगा, की ताईच्या वेळी टाळेबंदी होती आणि आम्हालाही तेव्हा पुरते कळत नव्हते.

पुढचे पंधरा दिवस एका वहीत रोज चार नोंदी करा: दिवा किती वाजता बंद झाला, सकाळी ती स्वतःहून उठली की उठवावे लागले, दिवसभरात ती घरातल्या कोणाशी फोनव्यतिरिक्त कशावर बोलली, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः रात्री फोन कधी खाली ठेवला. शक्य असेल तर पहिली नोंद तिलाच करू द्या. ती वही घेऊन तुमच्या भागातल्या समुपदेशकाकडे जा, जाताना दोघेही आई-वडील जा, आणि पहिला अर्धा तास मुलीला त्यांच्याशी एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा.